डोकावून वाचलेली चूक

माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. घरातूनच आलंय हे. बाप छावणीत लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. घरी आला की आधी कानाखाली वाजवायचा आणि मग विचारायचा, काय झालं रे? कित्येकदा काहीच झालेलं नसायचं. एकदा शेजारच्या मांजरानं दूध सांडलं आणि मार मी खाल्ला. मांजर भिंतीवर बसून निवांत बघत होतं. बाप गेला, पण हात माझ्याकडं ठेवून गेला. सिग्नलला, पेट्रोल पंपावर, कॉलेजच्या कँटीनमध्ये, कुठं म्हणून मी भांडलो नाही? ऑफिसात माझ्यासमोरचा कीबोर्ड तिसरा होता. पहिले दोन मीच टेबलावर आपटून फोडले. आई म्हणायची, तुझ्या अंगात तुझा बाप शिरतो. मी म्हणायचो, मग त्याच्याशीच बोल. असा मी शहाणा.

मी प्रोग्रॅमर. शहरातल्या एका छोट्या कंपनीत होतो. दोन खोल्या, एक कूलर, सहा माणसं. गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांना आम्ही एक डबा बसवायचो. पूर्वी टाकीखालचा वॉल हातानं फिरवून ज्याची पाळी असेल त्या गल्लीला पाणी सोडलं जायचं. हे काम करणाऱ्याला गावात वॉलमन म्हणतात. उन्हाळ्यात आठव्या दिवशी पाणी, त्यात कुणाच्या तरी गल्लीला दहा मिनिटं जास्त सुटलं की डोकी फुटायची. म्हणून हा डबा. वॉलमननं पेनड्राईव्हएवढी चावी डब्यात घालायची. डबा मोबाईलच्या नेटवर्कवरून शहरातल्या आमच्या सर्व्हरशी बोलतो. दोघं एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात, चावी खरी का, सर्व्हर खरा का, आणि सगळं जुळलं तरच ज्याची पाळी त्या गल्लीचा वॉल उघडतो. मधेच कुणी घुसून पाणी वळवू नये, एवढ्यासाठी ही सगळी कसरत.

ही तपासणी करणारी एक तयार लायब्ररी असते, म्हणजे प्रोग्रॅमचा आयता संच, दुसऱ्यांनी लिहिलेला, जगभर वापरतात ती. तिचा स्वभाव लई तिरसट. काही बिघडलं की ती काय बिघडलं ते सांगत नाही. नुसतं म्हणते, झालं नाही. कारण हवं असेल तर आपण मागून विचारायचं. चुका ती आतल्या आत एका रांगेत लावून ठेवते, प्रत्येक चुकीला एक आकडा. विचारलं की सगळ्यात जुनी चूक आधी देते. विचारायच्या पद्धती दोन. एक, चूक रांगेतून काढून घेऊन वाचायची. दुसरी, नुसतं डोकावून वाचायची, म्हणजे चूक जागच्या जागी राहते. आणि शहाण्या माणसानं नवं काम सुरू करायच्या आधी रांग झाडून रिकामी करायची असते. हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. पहिलं पान मी कधी वाचतो?

मी डोकावून वाचायची पद्धत घेतली. कारण तेव्हा पटण्यासारखं होतं. एकाच चुकीचा संदेश मला आधी पडद्यावर दाखवायचा होता आणि मग नोंदीच्या फाईलमध्ये लिहायचा होता. काढून घेतली तर दुसऱ्यासाठी उरणार नाही, म्हणून डोकावलो. नोंदीच्या कामातही डोकावलो. काढायची कुणी, हे ठरवायचंच राहिलं.

लायब्ररीचे संदेश इंग्रजीत आणि तेही किचकट. ते गावात कुणाला कळणार, म्हणून मी मोठ्या हौसेनं मराठी वाक्यांचा तक्ता केला. चावीचं प्रमाणपत्र जुळलं नाही की पडद्यावर लाल मोठ्या अक्षरात यायचं: ‘चावी खोटी आहे. कुणीतरी घुसायला बघतंय.’ शेजारच्या टेबलावरच्या बाई, वयानं मला थोड्या मोठ्या, रोज आल्या की जयभीम घालून गुमान कामाला लागणाऱ्या, त्यांनी ते वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, मशीनला एवढंच कळतं की चावी जुळली नाही. कोण घुसतंय ते मशीनला कुठं कळतं? मी म्हटलं, ताई, गावात जरा दम दिल्याशिवाय चालत नाही.

पिशोरच्या पुढं माझ्या मामाचं गाव. आईचा थोरला भाऊ. मामानं जन्म मेंढरांमागं काढला. गुडघे गेले तशी बरीचशी मेंढरं विकली, दहा-बारा ठेवली. वस्ती गावाबाहेर, मेंढरांच्या वाड्याला लागून. गावाला डबा बसवायचं ठरलं तेव्हा वॉलमन म्हणून मामाचं नाव मीच पुढं केलं. सरपंच जरा कुरकुरले, वस्तीवरचा माणूस गावाच्या टाकीवर कशाला म्हणून. मी म्हटलं, माझी हमी. मामाला तर आभाळ ठेंगणं झालं. चावीला त्यानं काळा करगोटा बांधून ती गळ्यात घातली.

डबा सुरू करायच्या दिवशी टाकीखाली सगळा गाव जमला. मला दाखवायचीच खाज. मी लॅपटॉपवर एक खोटी चावी बनवून नेली होती. ती सगळ्यांसमोर डब्यात घातली. भोंगा वाजला, लाल अक्षरं आली, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग मामानं गळ्यातली चावी काढून घातली आणि वॉल खडखडत उघडला. पुन्हा टाळ्या. लाल पटका सावरत मामा जो येईल त्याला सांगत होता, माझ्या भाच्यानं केलंय. मी त्या दिवशी हवेत होतो. खोट्या चावीची ती चूक डब्याच्या रांगेत पहिल्या नंबरावर बसून राहिली, हे माझ्या गावीही नव्हतं. पुढचे वीसेक दिवस सगळं सुरळीत चाललं, आणि सुरळीत चाललेलं असताना रांगेत काय पडलंय ते कोण बघतो?

मग एका सकाळी सातला सरपंचांचा फोन. पाणी सुटलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आहेत. मामाला लोकांनी टाकीखालच्या खोलीत कोंडलंय. वस्तीकडं पाणी वळवायला त्यानं खोटी चावी करून आणली, असं सगळ्यांचं म्हणणं. मशीन चुकू शकतं का, असं सरपंचांनी मला सरळ विचारलं. मी म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही. हे वाक्य मी दात घासता घासता बोललो.

छावणीतून मोटारसायकल काढली ती पिशोरपर्यंत कुठं थांबवली नाही. रस्ताभर तळपायाची आग मस्तकात. एक ट्रकवाला कट मारून गेला, त्याला पुढं जाऊन आडवा झालो आणि त्याच्या दारावर लाथ घालून आलो. राग त्याचा नव्हता. मी हमी घेतली होती आणि मामानं मला गावासमोर उघडं पाडलं, हेच डोक्यात घणासारखं पडत होतं. मामानं असं का केलं असेल, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. केलं असेल का, हा नाही विचारला.

टाकीखाली ही गर्दी. ड्रम, हंडे, प्लॅस्टिकच्या टाक्या, सगळं कोरडं ठणठणीत. उन्हानं माणसं आधीच पेटलेली. खोलीची कडी काढली. मामा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला, आता सुटलो असा. मी त्याच्याकडं न बघता पडद्याकडं बघितलं. लाल अक्षरं. माझीच.

मामा उठून बाहेर आला आणि म्हणाला, “भाच्या, म्या काय बी केलं नाय. चावी हीच हाय, तू दिलेली.”

मी दिली एक ठेवून. उघड्या तळव्यानं, अंगातली सगळी ताकद लावून. आवाज टाकीच्या खांबांतून घुमला. मामाचा हात गालाला नाही, कानाला गेला. तो माझ्याकडं बघतच राहिला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “घरच्यानंच हात उचलला, मग आपण काय बघत बसायचं?”

आणि तुटून पडले. चपला, लाथा, बादलीची कडी, एकाच्या हातात पाईपचा तुकडा. मामा खाली पडला तसा घोळका त्याच्यावर वाकला. पटका सुटून पायात आला आणि माणसं तो तुडवत मारत होती. ज्या बाया मामाकडून आपली पाळी आधी लावून घ्यायला गोड बोलायच्या, त्यातली एक रिकामा हंडा घेऊन धावली. फरसबंदीवर रक्त आलं. पाईप बरगडीवर बसल्याचा आवाज मला अजून येतो, जेवताना येतो, गाडी चालवताना येतो. पुढं मी दोघांना ओढून काढलं, एकाचं नाक फोडलं, मामाच्या अंगावर आडवा पडलो, पाठीत दोन-चार खाल्ल्या. हे मी बरेच दिवस लोकांना सांगायचो. त्याच्याआधी मी हाताची घडी घालून उभा होतो, हे सांगायचो नाही. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बरी अद्दल घडली मामाला असं वाटण्याइतका वेळ नक्की उभा होतो.

मामाला जीपमध्ये घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. बरोबर मामी गेली. मी नाही गेलो. सरपंचांना पोलिसांत तक्रार द्यायची होती, त्यासाठी कंपनीचा कागद हवा होता की डब्यात खोटी चावी घातली गेली. तो कागद लिहायला मी ऑफिसात आलो. अंगावर मामाचं रक्त, आणि माझा ताठा बघा, मी आल्या आल्या चहा मागितला.

दुपारी, दुरुस्तीसाठी ठेवलेल्या वेगळ्या वाटेनं, डब्यातली नोंदीची फाईल ओढून घेतली. शेवटची ओळ: चावी खोटी. कागदाला जोडायला ठीक होतं. पण शेजारच्या ताई खुर्ची ओढून बसल्या. शर्टावरच्या डागांकडं बघत त्यांनी विचारलं, “तू रांग रिकामी करतोस ना?”

मी त्यांच्यावर खेकसलो. त्या हलल्या नाहीत. मग त्यांना गप्प करायचं म्हणून मी डब्यावर लांबून चार ओळींचा तुकडा चालवला. डोकावायचं नाही, एकेक चूक काढून घ्यायची, रांग संपेपर्यंत. प्रत्येक चुकीबरोबर ती केव्हाची हे आमच्या प्रोग्रॅममध्ये साठवलेलं होतंच. मी ते कधी छापून बघितलं नव्हतं.

पहिली आली खोट्या चावीची. वेळ बघितली. डबा सुरू केला त्या दिवसाची, टाळ्यांच्या वेळची. ती माझी होती. दुसरी आली आज पहाटेची: सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. बस, पुढं रांग रिकामी. म्हणजे पडद्यावर आजची चूक आलीच नव्हती, डोकावल्यावर पुढं बसलेली ती जुनीच पुन्हा दिसली होती. मामाची चावी खरी होती. डब्यानं ती नाकारलीच नव्हती. सर्व्हरचाच कागद जुना झाला होता, म्हणून डबा आमच्याशी बोलायला तयार नव्हता. आणि तो वेळेत नवा करणं आमच्या कंपनीचं, खुद्द साहेबांचं काम.

साहेबांना सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जाने दे मियाँ, ‘बाहेरून छेडछाड झाल्याची शक्यता’ एवढं लिही, शक्यता लिहिलं की कुणी अडकत नाही. वर हेही, की कोड तुझा आहे, पहिला तूच आत जाशील. गडी काही खोटं बोलत नव्हता. मी त्याची कॉलर धरून त्याला कूलरवर आपटलं. कूलर कलंडला, पाणी फरशीभर झालं. दुसरा हात उचलला आणि तो वरच राहिला. सकाळचा आवाज आला कानात. मी साहेबाला सोडलं, पाण्यातून चालत टेबलाशी आलो आणि कागद लिहिला. चावी खरी होती. पडद्यावरचा संदेश जुना होता आणि तो मी स्वतः केलेल्या प्रयोगाचा होता. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत कंपनीनं वाढवली नव्हती. वॉलमनचा काही दोष नाही. खाली सही. नोकरी तिथंच संपली, हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

घरी गेलो तर आईला मामीचा फोन येऊन गेलेला. ती चपला घालून, पिशवी भरून दवाखान्यात निघाली होती. मी दारात, ती आत. तिनं पायातली चप्पल काढली आणि मला मारायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, जिथं लागेल तिथं. बाप मारायचा तेव्हा मधे पडणारी माझी आई. तिला धाप लागली तशी ती थांबली.

“ज्याच्या मांडीवर बसवून तुझं जावळ काढलं,” ती म्हणाली, “त्याच्यावर हात टाकला तू?”

मी म्हणालो, मीही येतो दवाखान्यात. ती म्हणाली, आलास तर मी वरच्या मजल्यावरून उडी घेईन. मग ती गेली, आणि परत आल्यावर माझ्याशी बोलायची बंद झाली. मामा कसा आहे हे विचारायलाही मला तोंड नव्हतं. बाहेरून एवढं कळलं की दोन बरगड्या मोडल्यात आणि जिवाला धोका नाही.

पाचव्या दिवशी मामा वस्तीवर परतल्याचं कळलं. सकाळी गुलमंडीच्या बाजारात जाऊन लाल पटका घेतला, पहिल्यासारखाच, आणि निघालो. आधी टाकीवर गेलो. सरपंचांना सांगून लोक गोळा केले आणि ज्या जागी चापट मारली तिथं उभा राहून कागद वाचला. नुसता वाचला असता तर कुणाला काही कळलं नसतं, म्हणून साध्या बोलीत सांगितलं की ती लाल अक्षरं माझ्या प्रयोगाची होती, मामाची चावी खरी होती, आणि पहिला हात माझा होता. कुणी तोंड वर केलं नाही. पाईपवाला मागच्या मागं सटकला. हंडेवाली बाई पदरानं डोळे पुसत घराकडं वळली. एकजण म्हणाला, आता मशीनच खोटं बोललं तर आमी काय करणार? मी म्हटलं, मशीनला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. विचारणारा मी होतो. सरपंचांनी तक्रारीचा अर्ज फाडला आणि चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, मामाला म्हणावं, उद्यापासून या.

वस्तीवर मामा बाभळीखाली बाजेवर बसला होता, छातीला पट्टा, डोकं उघडं. समोर मेंढरं चरत होती. मी वाकून पायांना हात लावला. मामीनं पटका घेतला आणि आत खुंटीला लावला. मी बाजेच्या कडेला, त्याच्या डाव्या अंगाला बसलो आणि खाली मान घालून सांगायला लागलो. रांग, जुनी चूक, डोकावून वाचणं, सगळं. साहेब, कागद, टाकीवर जे बोललो ते. तुझी चावी खरी होती हे आता साऱ्या गावाला ठाऊक आहे. मामा मेंढरांकडं बघत होता. एकदाही वळला नाही. मला वाटलं, बरोबर आहे, का वळावं यानं?

मामी दारातून बघत होती. ती म्हणाली, “त्या अंगानं नको सांगू. त्या कानानं आता त्यास्नी ऐकू येत नाय.”

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. समोर उभ्या माणसाच्या डाव्या कानावर उजवाच हात बसतो. मामी सांगत होती की पाईपनं, लाथांनी असं होत नाही म्हणाले डॉक्टर, उघड्या तळव्याची बसली की पडदा फाटतो.

मी उठलो. बाजेला वळसा घालून उजव्या अंगाला जाऊन खाली मातीत बसलो आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. सुरुवात चापटीपासून केली. मामानं सगळं ऐकून घेतलं. मी चावी पुढं केली. त्यानं ती हातात घेतली, करगोटा बोटाला गुंडाळला, सोडला, आणि चावी परत माझ्या तळव्यावर ठेवली. रागात नाही ठेवली. मेंढरं पांगली होती, त्यांना त्यानं तोंडानं आवाज दिला.

मग म्हणाला, “गावानं लई मारलं, पर कोणी मारलं, कुठं मारलं, काय बी ध्यानात नाय बघ. पहिली तेवढी हाय ध्यानात.”